पावसाच्या मुलखात निवडुंगांची बाग

कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकास चंदगड तालुका आहे. त्याच्या एका अंगास बेळगावचा मुलूख, दुसऱ्या अंगास सह्याद्रीची धार आणि त्या धारेखाली सिंधुदुर्ग जिल्हा. ताम्रपर्णी नदी ह्याच तालुक्यात उगम पावते. भात, नाचणी, काजू, रताळी ही येथील नेहमीची पिके. ह्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरोळ तालुक्यात वर्षाकाठी ५०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो. चंदगडास त्याच्या कित्येक पट होतो, आणि तेथून जवळच घाटमाथ्यावर वसलेल्या आंबोलीचा पाऊस तर ७,००० मिलिमीटरांच्या घरात जातो. मृग निघाला की कौलांवर पावसाचा जो ताल सुरू होतो, तो हस्त संपेपर्यंत पुरता थांबत नाही. अशा गावी अंगणात निवडुंग आणि वाळवंटी झाडे लावावयाची म्हणजे वरवर पाहता समुद्रकाठी बसून बर्फाची वाट पाहण्यासारखेच होय. आणि तरीही ही हौस आज गावोगाव वाढत चालली आहे. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असली तरी ही झाडे तग धरतात, त्यांना जागा थोडी लागते, आणि त्यांचे आकार व फुले मनाला भुरळ पाडतात. परंतु शिमग्यात टवटवीत दिसणारी ही झाडे श्रावणात बुडाशी मऊ पडून एकामागून एक कोसळतात, हाही अनेक घरांतला अनुभव आहे. असे का होते, आणि ते टाळता येईल काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

झाड मेले की पुष्कळांचा पहिला संशय थंडीवर जातो. निवडुंग हे उष्ण वाळवंटातले झाड, तेव्हा सह्याद्रीवरील गारठा त्यास मानवला नसावा, असा हा तर्क. मग थंडीला दाद न देणाऱ्या जाती कोणत्या, ह्याचा शोध सुरू होतो. अशा जाती आहेत ह्यात शंका नाही. उत्तर अमेरिकेतील ऑपन्शिया फ्रॅजिलिस हा लहानसा फड्या निवडुंग कॅनडातील पीस नदीच्या खोऱ्यापर्यंत वाढतो, आणि त्या मुलखात हिवाळ्यात पारा शून्याखाली ३०-४० अंश उतरतो. ह्या झाडाची युक्ती मोठी सुंदर आहे. शरद ऋतू लागताच ते आपल्या अंगातील पाणी आपण होऊन कमी करते. त्याचे फडे सुरकुततात, जमिनीशी आडवे होतात, व आत उरलेला रस शर्करा आणि चिकट द्रव्ये ह्यांमुळे घट्ट होतो. असा रस सहजी गोठत नाही, आणि पेशी फुटण्याचे संकट टळते. वसंतात बर्फ वितळले की तेच फडे पुन्हा फुगून उभे राहतात.

पण ह्या वर्णनात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. झाड थंडीला तोंड देते ते कोरडे होऊन. हाच निवडुंग इंग्लंडासारख्या देशात, जेथे थंडी सौम्य परंतु हिवाळा ओला, तेथे उघड्यावर लावला तर पुष्कळदा कुजून जातो. म्हणून तेथील बागवान हिवाळ्यात त्यावर काचेचे छप्पर धरतात. कोरडी थंडी सोसवते, ओली थंडी सोसवत नाही, हा थंड देशांतील बागवानांचा अनुभव आहे. चंदगडास तर पाणी गोठवील अशी थंडी पडतच नाही. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या आसपास एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, त्याचेही केवढे कौतुक होते. तेव्हा चंदगडच्या बागेतील झाडाचा मारेकरी थंडी नसून मुळाशी थांबलेले पाणी होय. ह्या एका गोष्टीचा उलगडा झाला की पुढील सर्व उपाय आपोआप सुचतात.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. मराठीत ‘निवडुंग’ ह्या एकाच शब्दाने दोन भिन्न कुळांतील झाडे ओळखली जातात. कुंपणावरचा त्रिधारी निवडुंग, थोर व शेर ही युफोर्बिया कुळातील झाडे आहेत. त्यांना इजा झाली की पांढरा चीक वाहतो. तो डोळ्यांत गेल्यास फार घातक, म्हणून मुलांना त्यापासून जपावे. फड्या निवडुंग मात्र खऱ्या कॅक्टस कुळातला, आणि हे कुळ मूळचे अमेरिका खंडातले. अपवाद काय तो एका रिप्सॅलिसचा; तो आफ्रिकेत व श्रीलंकेतही आढळतो. खऱ्या कॅक्टसचे काटे लव असलेल्या लहानशा गादीतून झुबक्याने निघतात. युफोर्बियास अशी गादी नसते. दोन्ही कुळांनी पाणी साठविण्याची विद्या स्वतंत्रपणे साध्य केली, म्हणून ती एकमेकांसारखी दिसतात. घायपात मेक्सिकोकडून आली आणि कोरफड अरबस्तानातून. ह्यांपैकी आपल्या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेल्या थोर-शेरास चंदगडचा पाऊस सोसतो. परदेशाहून कुंडीतून आलेल्या पाहुण्यास तो सोसत नाही.

तो का सोसत नाही, हे ह्या झाडांच्या जीवनक्रमात डोकावल्यास कळते. सामान्य झाड दिवसा पानांवरील रंध्रे उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड घेते. वाळवंटातील झाडाने असे केले तर त्याचे पाणी उडून जाईल. म्हणून ते रात्री रंध्रे उघडते, तो वायू आम्लाच्या रूपात साठविते, आणि दिवसा रंध्रे मिटून घेऊन त्यापासून अन्न बनविते. ह्या क्रियेच्या अभ्यासातील एक आरंभीचे निरीक्षण हिंदुस्थानातच झाले, हे पुष्कळांस ठाऊक नसते. दक्षिण हिंदुस्थानात काम करणाऱ्या बेंजामिन हेन ह्या वनस्पतिज्ञास असे आढळले की, पानफुटीचे पान पहाटे चाखले असता आंबट लागते, दुपारी बेचव लागते व सायंकाळी किंचित कडवट. १८१३ मध्ये त्याने हे लंडनच्या लिनिअन सोसायटीस पत्राने कळविले. रात्री साठलेले आम्ल दिवसा खर्ची पडते, एवढाच त्या चवीचा अर्थ होता. तथापि पानफुटीत विषारी द्रव्येही असतात, म्हणून हा प्रयोग घरी करून पाहण्याचे कारण नाही.

अशा काटकसरी झाडाचा पाण्याचा खर्च मुळातच थोडा. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात, टक्सन शहराजवळच्या ज्या वाळवंटात सग्वारो नावाचे प्रचंड निवडुंग उभे आहेत, तेथे वर्षाचा एकूण पाऊस ३०० मिलिमीटरांहूनही किंचित कमी असतो. हे झाड आपली मुळे उथळ पण दूरवर पसरते. पाऊस झाला की थोड्याच अवधीत मुळांना बारीक केसासारखे अंकुर फुटतात, ते पाणी शोषतात, आणि माती सुकली की गळून जातात. म्हणजे ह्या मुळांचा सारा संसार ओल आणि कोरड ह्यांच्या आलटापालटीवर चालतो. चंदगडच्या आषाढात ही आलटापालट बंद पडते. आभाळ झाकलेले, हवा दमट, खोडातून पाणी उडावयास वाव नाही, आणि खाली माती सतत चिंब. मातीच्या कणांमधील पोकळीत एरवी हवा असते. ती जागा पाण्याने व्यापली की मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो व ती गुदमरतात. गुदमरलेल्या मुळांवर मग बुरशीसारखे रोगजंतू चाल करतात. त्यांपैकी फायटॉफ्थोरा नावाच्या वर्गातील जंतूंची बीजे पाण्यात अक्षरशः पोहत जातात. कोकणातील पोफळीच्या बागा पावसाळ्यात ज्या कोळे रोगाने नासतात, तो ह्याच वर्गाचा प्रताप. पोहणाऱ्या शत्रूस पाणी हाच रस्ता. तेव्हा पाणी थांबू न देणे हाच पहिला बंदोबस्त.

येथे एक शंका साहजिक आहे. पावसाच्या प्रदेशात रसाळ खोडाची झाडे निसर्गतः असतात, मग ती कशी जगतात? ह्याचे उत्तर देणारी दोन उदाहरणे आपल्याजवळच आहेत. पहिले अनेक घरांच्या पडवीत टांगलेले असते. ज्याला आपण ब्रह्मकमळ म्हणतो व जे पावसाळ्यातील एखाद्या रात्री फुलून सकाळी मिटते, ते झाड खरोखर एक कॅक्टस आहे. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ वेगळे, ते सूर्यफुलाच्या कुळातले. आपले घरचे ब्रह्मकमळ मध्य अमेरिकेच्या ओल्या अरण्यातून आलेले असून तेथे ते वृक्षांच्या फांद्यांवर वाढते. पाऊस त्याच्या अंगावरून मुबलक वाहतो, पण फांदीवरील मूठभर पालापाचोळ्यात तो साचत नाही.

दुसरे उदाहरण तर सह्याद्रीचे स्वतःचे लेकरू. ‘शिंदळ माकुडी’ हे त्याचे मराठी नाव. डाल्झेल ह्या वनस्पतिज्ञाने १८६५ च्या सुमारास त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर ह्यांच्यावरून त्यास फ्रेरिआ इंडिका असे नाव दिले. रुईच्या कुळातील हे रसाळ खोडाचे झाड जगात अन्यत्र कोठेही नाही. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा महाराष्ट्रातील मोजक्या कड्यांवरच ते आढळते. पावसाळ्यात त्यास पाने असतात, कोरड्या दिवसांत ती गळून नुसते मांसल खोड उरते. मुसळधार पावसाच्या डोंगरावर ते जगते ह्याचे कारण त्याच्या जागेत आहे. उभ्या कड्याच्या फटीत, ओंजळभर मातीत त्याचा मुक्काम. पाऊस आला तसा क्षणात ओघळून जातो, आणि वारा ती फट कोरडी करतो. चंदगडच्या बागवानास ह्याहून चांगला गुरू मिळणार नाही. ॲरिझोनाचे वाळवंट अंगणात आणणे अशक्य. परंतु सह्याद्रीच्या कड्याचा एक लहानसा तुकडा अंगणात रचणे मुळीच अशक्य नाही.

तो रचावा कसा? अंगणातील उंच व दक्षिणेस तोंड असलेली जागा निवडावी, म्हणजे हिवाळ्यातील तिरपे ऊन दिवसभर लाभते. जांभ्याचे चिरे चुना किंवा सिमेंट न वापरता एकावर एक रचून दीड-दोन फूट उंचीचा उतरता ओटा करावा. सांध्यांतून पाणी पाझरले पाहिजे. आत भरावयाच्या मिश्रणात दोन भाग काळ्या दगडाची किंवा भाजक्या विटेची हरभऱ्याएवढी खडी, एक भाग नदीची जाड वाळू, आणि एक भाग चाळलेली माती व पूर्ण कुजलेले पालापाचोळ्याचे खत मिळून असावे. जांभ्याची खडी वापरावयाची तर कठीण दगडाचीच वापरावी. मऊ जांभा विरघळून चिकण होतो. खडी धुऊन तिची पूड काढून टाकावी, कारण पाणी धरून ठेवणारी ती पूडच असते. समुद्राची वाळू खारट, ती वर्ज्य. झाड सरळ न लावता उताराच्या दिशेस किंचित कलते लावावे, म्हणजे त्याच्या शेंड्यात व बेचक्यांत पाणी राहणार नाही. शेवटी बुंध्याभोवती इंचभर जाडीचा कोरड्या खडीचा थर द्यावा. कुजण्याची सुरुवात बहुधा माती व खोड ह्यांच्या सांध्यापाशी होते; तो सांधा खडीमुळे कोरडा राहतो.

कुंड्यांच्या बाबतीत एक जुना समज सोडावयास हवा. कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा जाड थर घातला की पाण्याचा निचरा चांगला होतो, असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक बारीक मातीतील पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. ओला स्पंज जाळीवर ठेवला तरी त्याच्या खालच्या बाजूस पाणी धरलेलेच असते, तसे ते थराच्या वर अडून राहते, आणि चिंब माती उलट मुळांच्या अधिक जवळ येते. म्हणून भोकावर माती वाहून न जाण्यापुरती एक खापरी ठेवावी व वरपासून खालपर्यंत तेच भरड मिश्रण भरावे. तांब्याभर पाणी ओतले असता ते वर न तुंबता काही क्षणांत खालून वाहू लागले, तर मिश्रण साधले असे समजावे. चकाकी दिलेल्या किंवा प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा साधी मातीची कुंडी पावसाळी प्रदेशात बरी; तिच्या अंगातूनही ओल बाहेर पडते.

इतके करूनही चंदगडचे चार महिने परदेशी निवडुंगास उघड्यावर काढता येतीलच असे नाही. त्यासाठी पंचांगाशी जुळते असे वेळापत्रक ठेवावे. वैशाखातील वळवाच्या सरी झाडांना हितकारक आहेत. पाऊस येतो, पाठोपाठ ऊन पडते. मृग लागण्यापूर्वी मात्र कुंड्या पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या पडवीत घ्याव्या, आणि त्या पागोळ्यांच्या शिंतोड्यांपासून दूर मांडाव्या. ओट्यावर चार खांब रोवून पारदर्शक पत्र्याचे छप्पर घालावे, पण बाजू मोकळ्या सोडाव्या. छपराखाली वारा खेळला पाहिजे. बंद काचघरात दमटपणा कोंडून उलट अपाय होतो. ह्या काळात पाणी जवळजवळ नाहीच. झाड किंचित सुरकुतले तर भिण्याचे कारण नाही. सुरकुतलेले झाड एका पाण्याने सावरते, कुजलेले सावरत नाही. हस्ताचा पाऊस सरला की कुंड्या बाहेर काढाव्या, परंतु एकदम नव्हे. चार महिने सावलीत राहिलेल्या खोडास आश्विनातील कडक ऊन भाजून काढते. आठ-दहा दिवस केवळ सकाळचे ऊन द्यावे, मग हळूहळू वाढवावे.

बुडाशी तपकिरी, मऊ डाग दिसला तर तत्काळ उपाय हवा. स्वच्छ सुरीने कुजका भाग कापून, आत कोठेही तपकिरी ठिपका उरणार नाही इतके वरपर्यंत जावे. कापल्या जागी गंधकाची पूड लावून तो तुकडा सावलीत आठ-पंधरा दिवस सुकू द्यावा, आणि मग कोरड्या वाळूत टेकवून ठेवावा. मुळे फुटू लागली की बेताने पाणी द्यावे. पुष्कळ झाडे अशी वाचतात.

थंडीविषयी आरंभी जी भीती सांगितली, ती आता उलटी करून पाहण्यासारखी आहे. मॅमिलेरिया, रेब्युशिया, इकिनॉप्सिस अशा अनेक डोंगरी निवडुंगांस कळ्या धरण्यासाठी हिवाळ्यात गार आणि कोरडी विश्रांती लागते. मुंबईच्या उबदार रात्रींत ती मिळत नाही, म्हणून तेथे ही झाडे वाढतात पण फुलावयास कुरकुरतात. चंदगडच्या मार्गशीर्ष-पौषातील गार रात्री व निरभ्र दिवस ह्या कामी अगदी योग्य. त्या दोन-अडीच महिन्यांत महिन्याकाठी एखादे हलके पाणी पुरे, किंवा तेही नको. माघ सरताना पाणी सुरू केले की कळ्यांची आशा धरावी. ज्या गारठ्यास दोष दिला जातो, तोच येथील बागवानाचा मित्र आहे. कॅनडातील बर्फाळ मुलखाच्या जाती मागवून मात्र येथे काही साधत नाही. त्यांची ती विद्या येथे निरुपयोगी, आणि पावसापुढे त्या इतरांइतक्याच दुबळ्या.

ह्या हौसेबरोबर दोन कर्तव्येही येतात, आणि ती बागेच्या कुंपणाबाहेरची आहेत. पहिले कर्तव्य आपल्या कड्यांविषयीचे. शिंदळ माकुडीसारखे झाड छाटाने सहज वाढते. तेव्हा ते बागेत हवेच असेल तर लागवडीतून तयार झालेले रोप घ्यावे. गडावर फिरावयास गेले असता फटीतून रोप उपटून आणणे म्हणजे मोजक्या घरांतील एक घर उजाड करणे होय. कंदीलपुष्पांचीही गोष्ट तीच; त्यांच्या अनेक जाती पश्चिम घाटाबाहेर नाहीत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्र विभागाने त्यांच्या जतनाचे काम आस्थेने केले आहे. असे काम एकीकडे चालू असता दुसरीकडे हौशी हातांनी कडे ओके करू नयेत.

दुसरे कर्तव्य छाटलेल्या तुकड्यांविषयीचे. फड्या निवडुंगाचा फेकलेला फडा जेथे पडतो तेथे मुळे धरतो. किरमिजी रंग देणाऱ्या किड्यांच्या पैदाशीच्या आशेने ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात ह्या झाडांना येथे उत्तेजन मिळाले. १७९५ मध्ये ब्राझीलमधून कलकत्त्यास आलेला किडा रंगाच्या कामाचा निघाला नाही, पण त्याने फड्या निवडुंगाची एक जात फस्त केली. किड्याकडून तणाचा नाश होतो हे जगास प्रथम कळले ते बहुधा ह्याच प्रसंगाने. पुढे दुसऱ्या जातीने दक्षिणेत उच्छाद मांडला, तेव्हा १९२६ मध्ये श्रीलंकेतून निराळा किडा मुद्दाम आणावा लागला. ऑस्ट्रेलियात तर १९२५ च्या सुमारास सुमारे ६ कोटी एकर भूमी ह्या झाडाने व्यापली होती, आणि अर्जेंटिनातील एका पतंगाच्या अळ्यांनी ती सोडविली. ही आपत्तीही हौसेने व लाभाच्या आशेने लावलेल्या झाडांपासूनच उद्भवली होती. म्हणून छाटलेले तुकडे ओढ्यात वा माळावर न टाकता उन्हात पूर्ण वाळवून जाळावे किंवा खोल पुरावे. शेर-थोराचे तुकडे मात्र जाळू नयेत, त्यांच्या चिकाचा धूर डोळ्यांस बाधतो. ते खोल पुरावे हेच बरे.

ज्याच्या अंगणात चार चिरे रचण्याइतकी जागा आहे, त्यास ही बाग परवडण्याजोगी आहे. तिला पैसा थोडा लागतो, पाणी त्याहून थोडे लागते. लागते ते पाण्याची वाट ओळखणारे लक्ष. पाऊस कोठून येतो, कोठे थांबतो आणि कोठून निघून जातो, हे एक पावसाळाभर नुसते पाहावे, आणि मग पहिले झाड लावावे.